ओर्काला टाकीत खायला मिळतं, मग तो गमावतो काय?

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी ब्रह्मपुरी तालुक्यात शिक्षक आहे. आमच्याकडे जनावराचा विषय निघाला की तो वाघाचाच असतो, आणि त्यात नवल नाही. धान कापायला गेलेलं माणूस संध्याकाळी धड घरी येईल ना, ही काळजी इथे रोजची आहे. पण सध्या मी अशा एका प्राण्याबद्दल वाचतोय, ज्याचा आमच्या गावाशी काही संबंध नाही. तो म्हणजे ओर्का. डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा, काळा-पांढरा. नर आठ मीटरच्या आसपास वाढतो, वजन पाच-सहा टन. वर्गातल्या मुलांनी मोबाईलवर त्याच्या कसरती पाहिल्या आणि विचारलं, "सर, त्याला आयतं खायला मिळते, डॉक्टर आहे, शिकारीची दगदग नाही. मग वाईट काय?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर इथे मांडतो, तुम्ही भर घाला.

पहिल्यांदा मलाही वाटलं होतं की हा जागेचा प्रश्न आहे. जागेचा तर आहेच. समुद्रातला ओर्का दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटरसुद्धा पोहून जातो, शेकडो मीटर खोल बुडी मारतो. टोकिटे नावाची एक मादी अमेरिकेत मायामीच्या मत्स्यालयात ५० वर्षांहून जास्त काळ होती. लोक तिला 'लोलिता' या नावाने ओळखायचे. तिची मुख्य टाकी २४ मीटर लांब, ११ मीटर रुंद आणि जास्तीत जास्त ६ मीटर खोल. आपल्याकडे 'मागेल त्याला शेततळे' योजनेत ३० बाय ३० मीटरचं तळं खोदतात. खोली सोडली तर तिची टाकी त्याहून लहान. तिच्यात सहा मीटरहून लांब प्राणी.

पण जसजसं वाचत गेलो तसतसं वाटू लागलं की टाकी दहापट मोठी केली असती तरी मूळ गोष्ट सुटली नसती. मूळ गोष्ट आहे आई.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत इथे, मासे खाणारे ओर्का राहतात. त्यांच्यात मुलगी आईला सोडून जात नाही आणि मुलगाही जात नाही. तीस वर्षांचा, आईपेक्षा कितीतरी मोठा झालेला नरसुद्धा आईच्या बाजूने पोहतो. दुसऱ्या कळपातल्या मादीशी संग झाला की परत आईकडे येतो. आई मेली तर पुढच्या वर्षभरात अशा प्रौढ मुलाच्या मरणाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे तिथल्या अनेक दशकांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

मादीची पिल्लं होणं चाळिशीच्या आसपास थांबतं, पण त्यानंतरही ती कित्येक वर्षं जगते. प्राण्यांत ही गोष्ट फार दुर्मीळ आहे; मुख्यतः माणूस आणि दातांचे काही देवमासे. या म्हाताऱ्या माद्या करतात काय? ज्या वर्षी सामन मासा कमी येतो त्या वर्षी कळपाच्या पुढे त्याच असतात. कुठल्या खाडीत, कुठल्या महिन्यात मासा मिळतो हे त्यांच्या डोक्यात साठलेलं असतं. आजी गेली की लहान नातवंडं मरण्याचं प्रमाण वाढतं, हेही पुढे २०१९ मध्ये दाखवलं गेलं.

प्रत्येक कळपाची बोली वेगळी. पिल्लू ती आईकडून शिकतं. एकाच पाण्यात मासे खाणारे ओर्का आहेत आणि सील खाणारेही आहेत, पण ते एकमेकांत मिसळत नाहीत. तिकडे अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर ओर्का लाटेबरोबर चक्क किनाऱ्यावर चढून समुद्रसिंहाचं पिल्लू उचलतात आणि सरपटत परत पाण्यात जातात. जरा चुकलं तर तिथेच अडकून मरण. ही कला मोठी जनावरं लहानांना वर्षानुवर्षं सोबत घेऊन शिकवतात.

आता पकडण्याबद्दल. ऑगस्ट १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह नावाच्या खाडीत ऐंशीच्या वर ओर्का बोटी, विमानं आणि पाण्यात फुटणारे बार यांच्या साहाय्याने जाळ्यांत कोंडले गेले. गिऱ्हाईक लहान पिल्लांना होतं, कारण ती ट्रकमध्ये मावतात. सात पिल्लं विकली गेली. जाळ्यांत अडकून पाच जनावरं बुडाली. पकडणाऱ्यांनी त्यांची पोटं फाडून दगड भरले आणि नांगर बांधून तळाला सोडलं, म्हणजे कोणाला कळू नये. त्याच नोव्हेंबरात काही प्रेतं किनाऱ्याला लागली. जाळ्याबाहेरचे ओर्का पळून गेले नव्हते, आत अडकलेल्या पिल्लांकडे तोंड करून आवाज करत राहिले, असं तिथे हजर असलेल्या लोकांनी नंतर सांगितलं. टोकिटे त्या सातांपैकी एक. वय चारेक वर्षं.

मायामीत तिला ह्यूगो नावाचा तिच्याच भागातला नर भेटला. तो वारंवार टाकीच्या भिंतीवर डोकं आपटायचा, आणि १९८० मध्ये मेला. त्यानंतरची ४३ वर्षं टोकिटेने दुसरा ओर्का पाहिला नाही. तरीही ती आपल्या कळपाच्या बोलीतले आवाज काढायची. मार्च २०२३ मध्ये तिला घरच्या पाण्यात परत न्यायची योजना जाहीर झाली आणि १८ ऑगस्ट २०२३ रोजी ती मेली.

मुलांना मी जे सांगणार आहे ते हे: खाणं आणि डॉक्टर दिल्याने पोट भरतं. पण ओर्का ज्यामुळे ओर्का असतो ते सगळं त्याला आई आणि आजी देतात. टाकीत ते कुठून आणणार?

संत्राबाग

सर, मनापासून लिहिलंय, पोचलं. पण मी वरूडचा शेतकरी माणूस, दुसरी बाजू विचारतोच.

एक, त्या समुद्रातल्या ओर्कांची तरी काय चैन आहे? मी जेवढं वाचलं त्यात त्यांचा मुख्य मासा धरणांमुळे आणि मासेमारीमुळे घटलाय, अंगात विषारी रसायनं साठतात, जहाजांच्या आवाजाने त्यांना शिकार ऐकू येत नाही. तुम्ही म्हणता त्यांतल्या दक्षिणेकडच्या, म्हणजे टोकिटेच्या, कळपांत मिळून आता पंच्याहत्तरच्या आसपासच उरलेत. निसर्ग म्हणजे स्वर्ग, असं चित्र मुलांसमोर जाऊ नये.

दोन, साठच्या दशकापर्यंत तिथले मच्छीमार ओर्का दिसला की गोळी घालायचे. कॅनडात तर १९६१ मध्ये त्यांच्यासाठी मशीनगन बसवली होती. वापरली गेली नाही, पण बसवली होती. लोकांचं मन बदललं ते मत्स्यालयात जवळून पाहिल्यावरच. हे तुम्ही कसं नाकारणार?

वैनगंगाकाठ

संत्राबागभाऊ, दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि मी नाकारत नाही.

दुसऱ्यापासून सुरू करतो. १९६४ मध्ये व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाला ओर्काचा पुतळा करायचा होता. नमुना म्हणून एक मारून आणायला माणूस पाठवला. भाला लागूनही तो ओर्का जगला, म्हणून ओढत बंदरात आणला. तो तीनेक महिनेच जगला, पण लोकांनी पाहिलं की हा राक्षस नाही, शांत जनावर आहे. पुढच्याच वर्षी सिएटलमध्ये नामू नावाचा नर आला आणि त्याच्यासोबत माणूस पाण्यात उतरला. लोकांचं मत पालटलं, हे शंभर टक्के खरं.

पण त्याच कौतुकाने बाजार उभा केला. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्या दक्षिणेकडच्या कळपांतून पन्नासच्या घरात जनावरं उचलली गेली किंवा पकडताना मेली, आणि त्यांत बहुतेक लहान. तोवर समज असा की समुद्रात हजारो आहेत, थोडे काढले तर काय झालं. मायकल बिग या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात पाठीवरचा उभा पर आणि त्यामागचा राखाडी पट्टा यांच्या फोटोंवरून एकेक ओर्का ओळखून मोजायला सुरुवात केली. निघाले काहीशेच. १९७६ मध्ये वॉशिंग्टनमधली धरपकड थांबली, मग व्यापारी आइसलँडला गेले.

आता तुमचा पहिला मुद्दा. आज ते पंच्याहत्तरच का उरले, याचं एक कारण हीच धरपकड आहे. जी पिल्लं नेली त्यांतल्या माद्या आज आज्या असत्या. सामन कमी झालेल्या वर्षांत कळपाला ज्यांची गरज आहे त्याच तिथे नाहीत. समुद्रातली अवस्था वाईट आहे म्हणून टाकी चांगली, असं मला वाटत नाही.

मोहफूल

मी वनविभागात आहे, गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात. सर, फोटोंवरून ओळखण्याचं वाचून बरं वाटलं. आम्ही कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ असाच ओळखतो, अंगावरच्या पट्ट्यांवरून. एकेक जनावर ओळखू यायला लागलं की मग "एक वाघ" असं म्हणता येत नाही. ती कोणाची पिल्लं, कोणत्या नाल्याकाठी वाढली, सगळं माहीत असतं.

एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. आमच्याकडचे काही वाघ नागपूरच्या गोरेवाड्यात पिंजऱ्यात आहेत. माणसं मारली म्हणून पकडावे लागले. बेशुद्ध केलेला वाघ पिंजऱ्यात चढवताना आमच्यातल्या कोणालाच आनंद होत नाही. पण ज्या घरातली बाई मोहफुलं वेचायला गेली आणि परत आली नाही, त्या घरासमोर उभं राहून "वाघाला मोकळं राहू द्या" असं म्हणता येत नाही. तिथे आम्हाला कारण आहे, दुःखद असलं तरी.

ओर्काच्या बाबतीत असं काय कारण होतं? समुद्रातल्या ओर्काने माणूस मारल्याची खात्रीशीर नोंद नाही असं मी वाचलं. ते बरोबर आहे का? असेल तर ही सगळी धरपकड निव्वळ तिकिटासाठी झाली.

वैनगंगाकाठ

बरोबर आहे ताई. समुद्रात एकही खात्रीशीर नोंद नाही. २०२० पासून स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर काही ओर्का शिडाच्या बोटींची सुकाणू मोडतात, बोटी बुडाल्याही आहेत, पण माणूस त्यांनी मारलेला नाही.

बंदिवासात मात्र चार माणसं मेली, आणि त्यांतल्या तीन मृत्यूंशी तिलिकम हा एकच नर जोडलेला आहे. त्याला १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडलं, वय दोनेक वर्षं. कॅनडात व्हिक्टोरियाच्या एका छोट्या मत्स्यालयात तो दोन मोठ्या माद्यांसोबत होता. रात्रभर तिघांनाही एका अंधाऱ्या, अरुंद कप्प्यात कोंडायचे. माद्या त्याला दातांनी ओरबाडायच्या आणि त्याला पळायला जागा नसायची. समुद्रात असं झालं तर जनावर दूर निघून जातं; मुळात तो आईच्या आडोशाला असता. १९९१ मध्ये तिथे एक प्रशिक्षक तरुणी पाण्यात पडली आणि मेली. त्यानंतर मत्स्यालय बंद झालं आणि तिलिकम सीवर्ल्ड या मत्स्य-उद्यानांच्या कंपनीला, फ्लोरिडात, विकला गेला. तिथे १९९९ मध्ये एक माणूस रात्री टाकीत शिरून मेला आणि २०१० मध्ये एक अनुभवी प्रशिक्षिका गेली. आणि या सगळ्या काळात त्याचा वापर प्रजननासाठी चालूच होता. तो जानेवारी २०१७ मध्ये मेला.

त्या गेलेल्या माणसांबद्दल वाईट वाटतंच. त्यांतले प्रशिक्षक तर त्या प्राण्यावर जीव लावणारी माणसं होती. म्हणूनच मला राग येतो तो धंद्याचा.

पशुवैद्य_उमरेड

गाई-म्हशींचा डॉक्टर आहे, समुद्री प्राण्यांचा नाही. पण शरीराच्या बाजूने थोडी भर घालतो.

दात. बंदिवासातल्या २९ ओर्कांच्या दातांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. प्रत्येकाच्या दातांना काही ना काही इजा होती. ही जनावरं काँक्रीटच्या कडा आणि लोखंडी दारं चावत बसतात. दात झिजून आतला गर उघडा पडला की तो भाग ड्रिलने पोखरून काढतात आणि भोक उघडंच ठेवतात, रोज पाण्याने धुतात. संसर्गाला यापेक्षा सोपी वाट नाही. गोठ्यात दावणीला कायमचं बांधलेलं जनावर लाकूड चघळायला लागतं, हवा गिळायला लागतं, हे मी पाहतो. मोकळ्या चरणाऱ्या जनावरात ते दिसत नाही.

पर. बंदिवासातल्या प्रौढ नरांचा पाठीवरचा पर एका बाजूला लोळतो. त्यात हाड नसतं. पृष्ठभागाजवळ जास्त वेळ राहणं, एकाच दिशेने गोल पोहणं, ऊन, असं त्याचं कारण मानतात. समुद्रातही काही नरांत असं दिसतं, जागेनुसार कमी-जास्त, पण बंदिवासात तो जवळजवळ नियमच आहे. यात त्या जनावराला फार वेदना नसावी. ते लक्षण म्हणून पाहावं.

आयुष्य. इथे सरांना सावध करतो, कारण मुलांना सांगताना आकडा चुकू नये. समुद्रात मादी सरासरी पन्नासच्या आसपास जगते, काही ऐंशीच्या पुढेही. नर सरासरी तीस. बंदिवासाबद्दल २०१५ मध्ये दोन अभ्यास आले. सीवर्ल्डशी संबंधित लोकांच्या अभ्यासात त्यांच्या जनावरांचं जगणं समुद्रातल्यांच्या तोडीचं निघालं. दुसऱ्या अभ्यासात बंदिवासातली जनावरं लवकर मरतात असं निघालं, पण गेल्या काही दशकांत सुधारणा झाल्याचंही त्यात मान्य केलंय. तेव्हा "टाकीत सगळे लवकर मरतात" एवढंच सांगून थांबू नका. समजा आकडे सारखे निघाले, तरी तुमचा मुद्दा पडत नाही. माझ्या मते उलट तो अधिक स्पष्ट होतो.

वैनगंगाकाठ

डॉक्टरसाहेब, फार मोलाचं. आकड्यांचं लक्षात ठेवतो. टोकिटे ५७ च्या आसपास जगली. लवकर मेली असं तिच्याबद्दल म्हणताच येणार नाही. प्रश्न त्या वर्षांत काय होतं याचा आहे.

कपाशीवाला

सर, समदं वाचलं. मले एक सांगा. आपून पोळ्याले बैलाची पूजा करतो अन् पोळा झाला का त्याच्याच मानेवर जू ठेवतो. शंकरपटात बैल कसा पयते हे पाह्याले अख्खा तालुका जमते. कोर्टानं २०१४ साली बंद केलं होतं, मंग सरकारनं कायदा केला, अन् २०२३ साली सुप्रीम कोर्टानं तो मान्य केला. मंग आपून त्या लोकाईले कोन्त्या तोंडानं म्हनाव का तुमी तो ओर्का नाचवू नोका? भांडाले नाई म्हनत, खरंच इचारून राह्यलो.

दुसरं. लहानपनी जत्रेत सर्कस ये. हत्ती स्टुलावर उभा राहे, आमी पोट्टे टाळ्या वाजवो. तंबूच्या मांगं तोच हत्ती साखळीले बांधेल, सारखा इकून तिकून डोलत राहे. आमच्या आबानं तवाच सांगतलं होतं का हे खुशीचं डोलनं नोहे.

पशुवैद्य_उमरेड

तुमचे आबा बरोबर होते. तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणं हे कोंडलेल्या जनावराचं लक्षण. ओर्का टाकीत गोल गोल फिरतात, किंवा तासन् तास पृष्ठभागावर नुसते पडून राहतात.

वैनगंगाकाठ

भाऊ, बैलाचं तुम्ही अगदी मनातलं विचारलंत. मला जे वाटतं ते सांगतो.

बैल हजारो वर्षांपासून माणसाच्या अंगणात जन्मतो. त्याच्या कितीतरी पिढ्या माणसासोबत गेल्या, दावणीवरची सोबत हाच त्याचा कळप. बैल सोडून दिला तर त्याला जायला दुसरं घर नाही. ओर्काला घर होतं, आई होती, त्यातून ओढून आणला. जे टाकीत जन्मले तेसुद्धा रक्ताने रानटीच, एक-दोन पिढ्यांत जनावर पाळीव होत नाही. म्हणून मी दोन्ही एका मापाने मोजत नाही.

पण याचा अर्थ बैलाचं सगळं माफ, असा नाही. पराणी टोचून, शेपटी पिरगाळून पळवणं हे मी आमच्या पटातही पाहिलंय, आणि ते चूकच आहे. आता नियमांतही त्याला बंदी आहे. तुमच्यासारखा बैल पाळणारा माणूस हे म्हणाला तर पटावर ऐकतील, माझं कोणी ऐकणार नाही.

आणि बैलजोडी मोडली की उरलेला बैल काही दिवस वैरण तोंडात घेत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. टाकीत जन्मलेल्या पहिल्या जगलेल्या ओर्काचं नाव कलिना. १९८५ मध्ये फ्लोरिडात जन्मली. पाच वर्षांचीही नव्हती तेव्हा तिला आईपासून काढून ओहायोच्या उद्यानात पाठवलं, मग आणखी दुसरीकडे. समुद्रात ती जन्मभर आईजवळ राहिली असती. म्हणजे समुद्रातून पकडणं थांबलं तरी आई-लेकराची ताटातूट थांबली नव्हती.

आर्वीची_लेक

आर्वीची आहे, नोकरीनिमित्त काही वर्षं ब्रिटिश कोलंबियात राहते. पाहिलेलं सांगते.

फेरीबोटीतून एकदा ओर्का दिसले. आधी फुस्स असा श्वासाचा आवाज येतो, मग पर. मोठ्या नराचा पर माणसाच्या उंचीइतका आणि ताठ. त्याच्या अगदी अंगाला लागून एक लहान पर असलेली मादी होती. सर म्हणतात तसं ती आई होती का हे मला माहीत नाही, पण दोघं एकदमच वर यायचे आणि एकदमच खाली जायचे. बोटीवर कोणी ओरडलं नाही. सगळे गप्प.

इथे आता नियम कडक होत चाललेत. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात जानेवारी २०२५ पासून बोटीला त्या दक्षिणेकडच्या ओर्कांपासून हजार यार्ड, म्हणजे नऊशे मीटरवर राहावं लागतं, कारण इंजिनाच्या आवाजाने त्यांना शिकार सापडत नाही. मग लोक किनाऱ्यावरच्या खडकांवर बसून वाट पाहतात. कधी दिसतात, कधी नाही. मुलांना घेऊन येतात आणि काहीच दिसलं नाही तरी डबा खाऊन परत जातात.

२०१८ च्या उन्हाळ्यात टाहलेक्वा नावाच्या मादीचं पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात गेलं. तिने ते १७ दिवस डोक्यावर धरून वाहिलं, हजारेक मैल. ते तेव्हा रोज बातम्यांत असायचं. ऑफिसात लोक सकाळी एकमेकांना विचारायचे, अजून धरलंय का तिने?

मोहफूल

ताई, हे वाचून कामात लक्ष लागेना.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप आमच्या जिल्ह्यात आला. धानाचं नुकसान झालं, घरं पडली, माणसंही गेली. लोकांचा राग मी तोंडावर झेललाय. पण कळप रात्री निघाला की पुढे म्हातारी हत्तीण असते आणि पिल्लं मध्ये. तीच ठरवते कुठून नदी ओलांडायची. ओर्काच्या आजीचं वाचताना तीच डोळ्यांसमोर आली. आणि दुसऱ्या बाजूला आमच्या कमलापूरच्या कॅम्पातले पाळीव हत्ती. २०२२ मध्ये त्यांना बाहेरच्या राज्यात न्यायची चर्चा झाली तेव्हा आजूबाजूची गावं विरोधात उभी राहिली. तिथल्या माणसांना एकेक हत्ती नावाने माहीत आहे.

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. पकडलेलं जनावर परत सोडता येतं का? पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीचं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. २०१८ मध्ये ती मारली गेली, तिची मादी बछडी पकडून पेंचमध्ये मोठ्या कुंपणात वाढवली. शिकार शिकवली. मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडली आणि काही दिवसांतच तिथल्या दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झटापटीत जखमी होऊन मेली. ज्यांनी तिला वाढवलं त्यांची अवस्था मी पाहिली आहे. "सोडून द्या" म्हणणं सोपं असतं.

वैनगंगाकाठ

ताई, या प्रश्नावर दोन ओर्कांच्या गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिला केइको. १९७९ मध्ये आइसलँडजवळ पकडला, तेव्हा अगदी लहान. मग कॅनडा, मग मेक्सिको सिटीतल्या एका उद्यानात गरम, उथळ पाणी आणि अंगावर चामखिळींसारखे फोड. १९९३ मध्ये एका सिनेमात त्याने काम केलं आणि जगभरच्या मुलांनी त्याला सोडवायला पैसे पाठवले. १९९६ मध्ये ओरेगॉनला नेऊन तब्येत सुधारली, १९९८ मध्ये आइसलँडच्या खाडीत. जिवंत मासा पकडायला शिकवावं लागलं. उन्हाळ्यात रानटी ओर्कांजवळ तो जायचा, पण त्यांच्या कडेला राहायचा, त्यांच्यात मिसळला नाही. २००२ मध्ये आपणहून समुद्र ओलांडून नॉर्वेला पोहत गेला, आणि तिथे पोचल्यावर शोधली कोणाची सोबत? माणसांची. मुलं त्याच्या पाठीवर बसायची. डिसेंबर २००३ मध्ये न्यूमोनियाने मेला.

दुसरी स्प्रिंगर. जानेवारी २००२ मध्ये सिएटलजवळ एकटी भटकणारी दोन वर्षांची मादी सापडली, आजारी, आई मेलेली. तिच्या आवाजावरून आणि फोटोंच्या नोंदींवरून कळलं की ही उत्तरेकडच्या कळपातली आहे. जूनमध्ये पकडली, महिनाभर उपचार केले आणि जुलैमध्ये तिचे नातेवाईक जिथे उन्हाळ्यात येतात तिथे नेऊन सोडली. कळपाने घेतली. २०१३ मध्ये तिला स्वतःचं पिल्लू झालं.

स्प्रिंगर महिनाभर बंद होती, केइको दोन दशकं. पण तेवढाच फरक नाही. स्प्रिंगरचं घर कोणतं हे माहीत होतं आणि तिची बोली शाबूत होती. केइकोचा कळप कोणता हे कोणालाच कळलं नाही. अवनीच्या बछडीचं वेगळं आहे; वाघ एकटा राहणारा, तिला परत घेणारं असं कोणी नव्हतंच, होती ती फक्त हद्द. ओर्काला परत घेणारं कोणीतरी असतं. ते सापडलं पाहिजे, आणि वेळेत.

संत्राबाग

हे पटलं. मग आपल्या देशाचं काय? आपल्याकडे असं काही सुरू होऊ शकतं का? मध्यंतरी सिंधुदुर्गात 'सी वर्ल्ड' आणणार असं ऐकलं होतं.

आर्वीची_लेक

मे २०१३ मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने देशात डॉल्फिनच्या खेळांच्या उद्यानांना परवानगी द्यायची नाही, असं परिपत्रक राज्यांना पाठवलं. त्यात ओर्काही येतो, तो डॉल्फिनच आहे. त्याआधी नव्वदच्या दशकात चेन्नईजवळ परदेशातून डॉल्फिन आणले होते, ते काही महिन्यांतच मेले. सिंधुदुर्गचा प्रस्ताव मालवणच्या बाजूचा होता आणि गावकऱ्यांचा जमिनी द्यायला विरोध होता.

कॅनडाने २०१९ मध्ये देवमासे आणि डॉल्फिन पाळण्याविरुद्ध कायदा केला. सीवर्ल्डने २०१६ मध्ये ओर्कांचं प्रजनन थांबवल्याचं जाहीर केलं, आणि त्यांनी २०२३ मध्ये अबू धाबीला उघडलेल्या उद्यानात ओर्का ठेवलेच नाहीत. चीनमध्ये मात्र उलट चाललंय, तिथे नवी उद्यानं उघडली आणि रशियाच्या समुद्रातून जनावरं गेली. २०१८ मध्ये रशियाच्या पूर्व किनाऱ्यावर अकरा ओर्का आणि नव्वदच्या आसपास बेलुगा जातीचे पांढरे देवमासे समुद्रातल्या पिंजऱ्यांत विक्रीसाठी कोंडलेले सापडले. जगभर ओरड झाल्यावर २०१९ मध्ये उरलेल्यांना सोडावं लागलं.

कपाशीवाला

मंग जे अजून टाकीत हायेत त्याईचं का?

वैनगंगाकाठ

भाऊ, त्यांच्यासाठी समुद्राच्या खाडीला जाळी लावून मोठी जागा करायची, खरं पाणी, भरती-ओहोटी, खायला माणूस घालणार, डॉक्टर असणार, असा विचार पुढे आला आहे. खर्च मोठा आणि परवानग्या लवकर मिळत नाहीत. फ्रान्समधल्या अँटिब शहरातलं मत्स्यालय जानेवारी २०२५ मध्ये कायद्यामुळे बंद झालं, तरी विकी आणि तिचा मुलगा केइजो हे दोघं ओर्का जायला ठिकाण नाही म्हणून त्या बंद मत्स्यालयातच राहिले. निदान ती दोघं आई-मुलगा आहेत. त्यांची ताटातूट होऊ नये एवढं तरी सरकारने पाहावं, असं मला फार वाटतं.

आणि कॉर्की. डिसेंबर १९६९ मध्ये ब्रिटिश कोलंबियात पकडलेली, सॅन दिएगोच्या सीवर्ल्डमध्ये. आज जिवंत असलेल्यांत सर्वांत जास्त काळ बंदिवासात तीच. बंदिवासात तिला अनेक पिल्लं झाली, एकही दोन महिने जगलं नाही. तिचा कळप कोणता हे नोंदींत पक्कं आहे आणि त्यातले ओर्का अजून त्याच पाण्यात येतात. तिला तिथल्या एखाद्या खाडीत, जाळीआड का होईना, नेलं पाहिजे, असं माझं मत आहे. मोकळं सोडू नये. ते तिला झेपणार नाही. पण कळप जवळून गेला तर तिला ऐकू येईल.

पशुवैद्य_उमरेड

साठीच्या आसपासची मादी, झिजलेले दात, आणि हजारो किलोमीटरचा विमानप्रवास. सर, डॉक्टर म्हणून मी सही करताना थांबेन. वाटेतच गेली तर?

वैनगंगाकाठ

धोका आहे, मान्य. टोकिटेच्या वेळीही हेच म्हणत वर्षानुवर्षं थांबले. तपासणी करून, डॉक्टरांनी सांगितलं तर नका नेऊ. पण तपासणीच करायची नाही आणि ती म्हातारी झाली म्हणून विषय बंद करायचा, हे मला मान्य नाही.

आर्वीची_लेक

सर, कॉर्कीच्या कळपाचे हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनवर, रेकॉर्ड केलेले आवाज नेटवर ऐकायला मिळतात. दुवा व्यक्तिगत निरोपात पाठवते. मुलांना नक्की ऐकवा.

मोहफूल

मलाही पाठवा ताई. आमच्या नाक्यावर रेंज आली की ऐकते.